चिमणीचे दात इथे चालत नाहीत

काल लेकीला आणायला किटात, म्हणजे इथल्या जर्मन बालवाडीत, गेले तर बाईंनी मला बाजूला घेतलं. हसतमुखानेच. कोटांच्या खुंट्यांपाशी (लेकीच्या खुंटीवर गोगलगायीचं चित्र आहे) उभ्या राहून म्हणाल्या, आज तुमच्या मुलीने सफरचंद चावून मैत्रिणीला दिलं, आम्ही काढून घेतलं. ज्याचा डबा त्यानेच खायचा. कुणाला ॲलर्जी असते, त्यात हिवाळ्यातल्या साथी. मी "हो, बरोबर" म्हणत राहिले आणि आतून धुमसत होते.

दोष माझ्या भाचीचा. डिसेंबरात नाशिकला गेलो होतो तेव्हा तिने हिला चिमणीच्या दातांनी पेरू तोडायला शिकवलं. फ्रॉकचा घेर फळावर गुंडाळायचा, वरून कचकन चावायचं, उष्टं नाही. श्टुटगार्टात तसला पेरू कुठला, म्हणून सफरचंद. मी हे बाईंना जर्मनमधून समजावायला गेले. त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "पण चिमणीला दात नसतात."

खरी गोष्ट ट्रामच्या स्टॉपवर कळली. सकाळी त्या मैत्रिणीने हिला "तुला माझ्या वाढदिवसाला बोलावणार नाही" असं सुनावलं होतं. ही इथली कट्टी. आपली 'लिंबाचा पाला तोडू नको'वाली कट्टी मधल्या सुट्टीपर्यंतही टिकायची नाही. ही जास्त झोंबते, कारण जितकं वय तितकेच पाहुणे, असा इथे बऱ्याच घरांत संकेत आहे. पाचवा वाढदिवस, पाच मुलं. सबंध बिल्डिंगला केक-वेफर्स वाटणाऱ्या आपल्याला हे कंजूषपणाचं वाटणारच. (मागच्या वर्षी मीही चारच बोलावली. घर लहान आहे.)

"मग बट्टीसाठी अख्खं सफरचंद द्यायचं ना," मी म्हटलं.

"अख्खं तर बाई सगळ्यांनाच देतात." मग थोडं थांबून, "तू माझं उष्टं खातेस. बाबा खातो. आजीपण."

2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला एक अभ्यास मी मागे वाचला होता. एक बाई बाहुलीबरोबर संत्र्याची एकच फोड आलटून पालटून खाते, दुसरी बाहुलीशी चेंडू खेळते. बाहुली रडायला लागली की वर्षाच्या आतली बाळंसुद्धा आधी फोडवालीकडे बघतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना विचारलं तर त्यांच्या मते खेळणी वाटून घेणारे मित्रही असतील नाहीतर घरचेही, पण उष्टं खाणारे बहुतेक घरचेच. तेव्हा मी हसले होते. हे कळायला प्रयोगशाळा कशाला, आमच्या स्वयंपाकघरात यायचं होतं. काल मात्र लक्षात आलं की माझी पोरगी नुसती बट्टी करत नव्हती, मैत्रिणीला घरात घेत होती. आणि वर फ्रॉकचा घेर लावून नियमही पाळत होती! हे बाईंना कोण सांगणार?

मी शाळेत होते तेव्हा डबे उघडून गोल बसायचो आम्ही. एकीची भेंडी दुसरीच्या पोळीवर, लोणच्याचा खार तिसरीच्या भातात. आपला डबा आपणच संपवणारीला आम्ही आखडू म्हणायचो. इथे प्रत्येकाच्या डब्यावर नाव, आणि सगळे आपापल्या डब्यात मान घालून बसलेले. आता माझी आजी असती तर बाईंचीच बाजू घेतली असती म्हणा. उष्ट्या हाताने वाढून घेतलं तर तिने मला पानावरून उठवलं असतं. पण तिच्या रागावण्याला मी घरचं समजते आणि बाईंच्या हसऱ्या सूचनेला परकं. हे काही रास्त नाही, ठाऊक आहे.

डब्यात परत आलेलं अर्धं सफरचंद काळं पडलं होतं. ट्राम येईपर्यंत मीच खाऊन टाकलं. लेक बघत होती.

आज डब्यात दोन सफरचंदं घालून दिली, एक तुला, एक तिला. ॲलर्जीचं तिच्या आईला काल रात्री मेसेज करून विचारून घेतलं होतं.

दोन्ही अख्खीच्या अख्खी परत आली.