एएनओंचं मानधन, तास आणि सही

शाळा-कॉलेजातली एनसीसी एका शिक्षकाच्या जिवावर चालते. तो गणित किंवा रसायनशास्त्र शिकवतो आणि शिवाय एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर) असतो. पगार शिक्षकाचाच, एनसीसीचं मिळतं ते मानधन, आणि ते राज्याच्या तिजोरीतून येतं. हत्यारं, दारूगोळा आणि पीआय स्टाफ (प्रशिक्षण देणारे फौजी) केंद्राकडून. पुरुषांना कामठीला, महिलांना ग्वाल्हेरला निवासी प्रशिक्षण झालं की खांद्यावर हुद्दा येतो. फौजेतली नोकरी किंवा पेन्शन मात्र त्या हुद्द्याला जोडलेली नाही.

मानधन वाढायला हवं, आणि वेळेवर यायला हवं. पण त्याहून मोठा अन्याय असा की हे काम तासांमध्ये कुणी मोजतच नाही. कॉलेजच्या पूर्ण कंपनीत, म्हणजे एनसीसीच्या तुकडीत, 160 कॅडेट असतात, शाळेच्या ट्रूपमध्ये 100. परेड सगळ्यांना दिसते. नावनोंदणी, भत्ता थेट खात्यात जमा व्हावा म्हणून प्रत्येकाचं बँक खातं तपासणं (आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव जुळलं नाही की पैसे अडकतात), एनसीसीच्या बी आणि सी प्रमाणपत्र परीक्षांचे अर्ज, 75 टक्के हजेरीचा हिशेब, शिबिरांचे नॉमिनल रोल (नावांच्या याद्या) हे सगळं कॉलेज सुटल्यावर होतं.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी अध्यापनाखेरीज कामांचे सात प्रकार दिलेत. त्यांपैकी निदान तीन केले तर ‘चांगला’ शेरा. एनसीसी, एनएसएस, क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम आणि अभ्याससहली हे सगळं मिळून त्यातला एकच प्रकार. वर्षभर कंपनी सांभाळणारा आणि एक सहल काढणारा त्या रकान्यात सारखेच.

नियम बदलेपर्यंत हातात कागद आहे. जूनमध्ये वेळापत्रक लागतानाच परेडचे तास कार्यभारात दाखवायला प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोचपावती ठेवावी. दहा दिवसांच्या शिबिराला जाताना बटालियनचं पत्र पुरत नाही. कॉलेजचा ‘ऑन ड्यूटी’ आदेश निघण्याआधी गाडीत बसू नये. हजर राहिल्याचं प्रमाणपत्र परतल्यावर आठवडाभरात कॉलेजच्या आस्थापना विभागात जमा करावं. हे राहून गेलं तर काही वर्षांनी पदोन्नतीच्या फाइलमध्ये तेच दिवस रजेचे ठरतात, आणि तोवर सहीचे साहेब बदलून गेलेले असतात.

रिफ्रेशमेंटचा पैसा हा सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा भाग. परेड संपली की मुलांना खायला द्यावंच लागतं, बिल पास व्हायला वेळ लागतो, आणि मधलं अंतर एएनओ स्वतःच्या खिशातून भरतो. ही सवय वाईट. कॉलेजने अग्रिम रक्कम द्यावी, तिचा वेगळा हिशेब ठेवावा. प्रत्येक बिलामागे त्याच दिवशीच्या हजेरीची प्रत जोडावी. हजेरी 83 आणि बिल 100 प्लेटांचं असेल तर लेखापरीक्षणात आक्षेप येणारच, मग उरलेल्या प्लेटा खरोखर वाया गेलेल्या असोत की नसोत.

जबाबदारीचं खरं वजन मैदानावर कळतं. फायरिंगला दिलेल्या .22 च्या गोळ्या आणि रेंजवरून गोळा केलेल्या रिकाम्या केसेस (झाडलेल्या गोळ्यांची आवरणं) यांचा मेळ बसलाच पाहिजे. एक केस कमी पडली तरी ती सापडेपर्यंत गवत चाळावं लागतं. म्हणून प्रत्येक डिटेलनंतर (एका वेळी गोळ्या झाडणाऱ्या गटानंतर) मोजावं, शेवटी एकदम मोजू नये. सकाळच्या परेडला उपाशी आलेली मुलं उन्हात कोसळतात. ‘सावधान’मध्ये फार वेळ उभं ठेवू नये, आणि कुणी कोसळलंच तर सावलीत आडवं करून पाय वर उचलावेत, बेल्ट-बूट सैल करावेत. शिबिराआधी पालकांच्या संमतिपत्रात चालू औषधं आणि रक्तगट लिहून घ्यावा. मुली असतील तर प्रवासात आणि मुक्कामी महिला एएनओ किंवा जीसीआय (मुलींच्या कॅडेटांची महिला प्रशिक्षक) हवीच. नसेल तर जायचं नाही, हे वरिष्ठांना लेखी कळवायचा धीर हवा.

आणि रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा. 2023 मध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजच्या आवारात सीनियर कॅडेट ज्युनियरांना काठीने मारतानाचं चित्रण सगळीकडे फिरलं. एएनओ वर्गावर असताना मैदान सीनियरच्या ताब्यात सोपवणं अनेक ठिकाणी चालतं, कारण परेडचा तास एएनओच्या कार्यभारात नसतो. तिथे काही घडलं तर जाब मात्र एएनओलाच विचारतात. शिक्षक हजर नसेल तर परेड नाही, ही ओळ युनिटच्या स्थायी सूचनांमध्ये असावी, आणि शिक्षा देण्याचा अधिकार कुठल्याही कॅडेटला नाही हे नावनोंदणीच्या दिवशीच सगळ्या वर्षांच्या मुलांना वाचून दाखवावं.

प्रशिक्षित एएनओ निवृत्त झाला की अनेकदा केअरटेकर नेमतात. प्रशिक्षण नाही, हुद्दा नाही, पण मुलं तितकीच. त्याने स्टोअरची किल्ली घेण्याआधी लेजर (साठ्याची नोंदवही) आणि प्रत्यक्ष वस्तू जुळवाव्यात, बूट-बेल्टपर्यंत. तूट निघाली तर ती यादीत लिहूनच सही करावी.