लसूण सोलता सोलता

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघाचं शिबिर दरवर्षी मे महिन्यात असायचं, नगर जिल्ह्यात, कधी या गावच्या चर्चमधे तर कधी त्या गावच्या मिशन कंपाउंडमधे. चार दिवस. सतरंजी घरून न्यायची, ताट-वाटी आपापली, आणि ऊन असं की दुपारच्या बायबल स्टडीला निम्मी पोरं डुलक्या घ्यायची. खरं सांगते, कुठल्या पाळकसाहेबांनी कुठल्या वचनावर संदेश दिला ते आज एकही आठवत नाही, पण रात्रीचा लसूण आठवतो.

रात्रीची भक्ती संपली की स्वयंपाकाचं बघणारे काका, एसटीत मेकॅनिक होते ते, मागच्या व्हरांड्यात पोतं पसरून बसायचे, ज्याला झोप येत नाही त्याने उद्याच्या आमटीचा लसूण सोलायला यायचं. गड्डा तळव्याखाली दाबून फोडायचे, पाकळ्या आमच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "हं, बोल, घरी काय चाललंय?" एवढंच. मग एकेक जण बोलायला लागायचं, कुणाचे वडील पितात, कुणाला शाळा सोडायला लावलीय, आणि काका मधे तोंड घालायचे नाहीत.

दहावीला गणितात उडाले त्याच्या पुढच्या वर्षी मी शिबिराला जाणारच नव्हते, तर काका लुना घेऊन दारात हजर, "लसूण काय मी एकट्याने सोलायचा का गं?" त्या रात्री त्यांनी येशूच्या शिष्याचं, पेत्राचं सांगितलं. येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणून बसला होता बिचारा, तरी येशूने त्याला आधी कोळशावरचे मासे आणि भाकर खायला घातली, प्रश्न नंतर विचारले. ही गोष्ट ज्यात आहे तो योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय मी त्याआधी कितीदा तरी वाचला होता, पण न्याहारी आधी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं फार आवडायची, पेटी नसली तरी ताटावर ठेका धरायचे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला ते सगळ्यांना माहीत असतं, काका मात्र सांगायचे ते नगरच्या त्यांच्या घराचं, तिथे बालकवी राहायला होते आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या हिंदू पोराला स्वतःच्या मुलासारखं जपलं. काकांच्या मते शिष्य करणं म्हणजे ते घर, पोराला जेवू घालायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं.

आणि शिबिर संपलं म्हणून काका संपायचे नाहीत, वर्षभर कुणाची परीक्षा कधी, कुणाचा इंटरव्ह्यू कधी, सगळं पाठ. ते पाठ कसं असायचं ते काका गेल्यावर कळलं. काकूंनी त्यांची वही मला दिली, तेलाचे डाग पडलेली, पानापानावर आमची नावं आणि पुढे ज्यासाठी प्रार्थना करायची ते. माझ्या नावापुढे लिहिलंय, "गणित, ऑक्टोबर." आणि शेजारी वेगळ्या शाईत, "सुटली."

मागची पानं कोरी होती, त्यावर यंदाच्या पोरांची नावं लिहायला घेतलीयत.