एका लॉगिनवरून प्रत्येकाच्या खात्यापर्यंत: आमच्या ई-लायब्ररीचा अनुभव

आमच्या मंडळींचा ई-पुस्तकांचा संग्रह कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंटेंट सर्व्हरवर आहे, म्हणजे ब्राउझरमधून लॉगिन करून पुस्तकं वाचता आणि डाउनलोड करता येतात. पुस्तकं कॉपीराइट संपलेली किंवा लेखकांनीच मोफत दिलेली, त्यामुळे ती काळजी नव्हती. त्रास होता तो सगळ्यांच्या एकाच लॉगिनचा. वाचता वाचता कुठे थांबलो हे कॅलिबर लॉगिनप्रमाणे लक्षात ठेवतं. नाव एकच असलं, की तिसऱ्या प्रकरणावर सोडलेली रहस्यकथा थेट खुनी पकडला जातो त्या पानावर उघडते, कारण मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी ती संपवत आणलेली असते. यावरून कुरबुरी वाढल्या, तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्यायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

खाती उघडणं चुटकीसरशी झालं. प्रेफरन्सेसमध्ये 'शेअरिंग ओव्हर द नेट', तिथे युजरनेम-पासवर्ड सक्तीचा करायचा, मग 'युजर अकाउंट्स'मध्ये एकेक नाव भरायचं. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय सक्ती लागू होत नाही. पासवर्ड देवनागरीत चालत नाही. शिवाय तो सर्व्हरवर उघडाच साठवला जातो, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो. म्हणून सगळ्यांना बजावलं, की मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड इथे वापरू नका. बदल करण्याची परवानगी दोघांनाच ठेवली. ती ज्याच्याकडे असेल तो पुस्तक उडवूही शकतो.

खरा वेळ खाल्ला तो कुणाला काय दिसावं, या प्रश्नाने. प्रत्येक खात्याला लायब्ररीगणिक शोधाची एक अट जोडता येते आणि तिच्यात बसतील तेवढीच पुस्तकं त्या वाचकाला दिसतात. मुलांच्या खात्याला 'बाल' या टॅगची, म्हणजे पुस्तकाला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठीची, अट घातली. इथे शब्दाआधी बरोबरचं चिन्ह (=) हवंच. ते नसेल तर 'बाल' हा तुकडा जिथे जिथे सापडेल ते सगळं येतं आणि परीकथांच्या रांगेत बालसंगोपनाचा जाडजूड ग्रंथ ऐटीत येऊन बसतो.

'मोठ्यांची पुस्तकं वगळा' अशी उलटी अटही घालता आली असती. ती मुद्दाम टाळली. टॅग न लावलेलं नवं पुस्तक त्या पद्धतीत थेट मुलांसमोर जातं; 'मुलांची तेवढीच दाखवा' म्हटलं तर ते टॅग लागेपर्यंत लपून राहतं. लपलेलं परवडलं. अर्थात त्यासाठी सगळ्या संग्रहाचे टॅग तपासावे लागले. 'कथा', 'लघुकथा', 'कथासंग्रह' असे मनाला येतील तसे लावलेले टॅग एकत्र करणं हे शुद्ध हमालीचं काम आहे, ते वाटून घ्या.

खातं काढणं सोपं आहे, पण त्या माणसाने आधी डाउनलोड केलेल्या फायली त्याच्याकडेच राहतात. त्या कॅलिबरला परत घेता येत नाहीत. आमच्याकडे त्याने काही बिघडत नाही. संग्रहात खाजगी कागदपत्रं असतील, तर ती वेगळ्या लायब्ररीत ठेवून तिची परवानगी मोजक्याच खात्यांना द्यावी.