बाईंनी दाबलेली कळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे पत्र आले तेव्हा लिहिण्याजोगे पुष्कळ आहे असे वाटले होते; प्रत्यक्ष लिहायला बसलो तेव्हा संगणक कक्षातल्या बाईंपलीकडे लेखणी सरकेना. इतर गुरुजनांनी क्षमा करावी.

नववीत विज्ञान प्रकल्पाचे सादरीकरण स्लाइडवर करायचे ठरले आणि माझ्या वाट्याला ग्रहणे आली. मी मोठ्या हौसेने 22 स्लाइड केल्या. त्यांत पाठ्यपुस्तकातले परिच्छेदच्या परिच्छेद होते आणि प्रत्येक ओळ वेगळ्या दिशेने उडत येत होती. बाईंनी काहीही न बोलता मला शेवटच्या बाकावर बसवले आणि माझीच स्लाइड मला वाचायला सांगितली. ती मला वाचता आली नाही. त्या दिवशी 22 च्या 7 झाल्या, आणि त्यांतल्या 4 तर नुसत्या आकृत्या होत्या.

सादरीकरणाच्या दिवशी मात्र वेगळेच संकट उभे राहिले. घरच्या संगणकावरचा मराठी फॉन्ट शाळेच्या संगणकावर नव्हता. कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे नीट दिसावीत यासाठीची युनिकोड ही सामाईक पद्धत तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे ‘ग्रहण’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी पडद्यावर उमटली. वर्ग खदखदून हसला आणि माझ्या घशाला कोरड पडली. बाई शांतपणे पुढे आल्या, त्यांनी ‘बी’ ही कळ दाबली आणि पडदा काळा झाला. “आता सगळे तुझ्याकडेच बघतील. सांग.” एवढेच त्या म्हणाल्या. मी एक मूठ पृथ्वी आणि दुसरी चंद्र करून, चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही, ते सांगू लागलो. आकृतीची गरज पडली तेव्हा बाईंनी तीच कळ पुन्हा दाबली आणि पुढच्या स्लाइडवरची आकृती आणली. ती फॉन्टवर अवलंबून नसल्यामुळे शाबूत होती.

“पाठ घरी करा, वर्गाकडे करू नका,” हे बाईंचे वाक्य माझ्या तुकडीतील सर्वांना आठवत असेल. पाठ करायचे तेही फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य. पुढची स्लाइड येण्याआधी तिच्याकडे नेणारे वाक्य तोंडात तयार हवे. लेझरच्या दिव्याला त्यांनी बंदीच केली होती, कारण हाताचा कंप तो पडद्यावर कितीतरी पटींनी मोठा करून दाखवतो. “उजवीकडचा लाल गोल पाहा” असे तोंडाने सांगितले की काम भागते.

आज नोकरीनिमित्त महिन्यातून चार-पाच वेळा तरी मोठ्या बैठकांसमोर उभा राहतो. अर्धा तास आधी पोचतो, सोबत पीडीएफ प्रत ठेवतो आणि सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीत बसून आपली पहिली स्लाइड पाहून घेतो. सहकारी याला माझा विक्षिप्तपणा समजतात.

गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमाला आलो होतो. मुलांच्या स्लाइड फारच देखण्या होत्या. आता त्या तयार साच्यांतून, किंवा नुसता विषय सांगितला तरी, मिनिटभरात होतात. बोलणारी तिन्ही मुले मात्र आमच्याकडे पाठ करून पडदा वाचत होती. पुढे जाऊन ती कळ दाबावी असे फार वाटले, पण निमंत्रितांच्या रांगेतून मध्येच उठणे बरे दिसले नसते.