कोपरा हातात आला

रविवार, संध्याकाळ

वैशाखातलं ऊन फुकट जायला नको म्हणून सकाळी माळ्यावरची वाकळ काढली. गॅलरीच्या कठड्यावर टाकायला गेले तर तिचा एक कोपराच हातात आला. आई म्हणाली, "जीव संपलाय तिचा. पायपुसणी कर आता." मी काही बोलले नाही, सुईदोऱ्याचा डबा शोधायला लागले.

साताऱ्याकडे आम्ही वाकळच म्हणायचो. पुण्यात आलो आणि तिची गोधडी झाली. ही आजीच्या इरकली लुगड्याची. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वरची-खालची दोन्ही पानं एकाच लुगड्यात निघतात. मधे आजोबांची धोतरं घातलीत एवढं ऐकून होते. आज फाटक्या कोपऱ्यात बोट घातलं तर बाबांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा खिसा निघाला, शिवणीसकट अख्खा.

रानातली कामं उरकली की पावसाच्या आत वाकळी शिवायच्या. सोप्यात अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि चौघींनी चार बाजू धरायच्या. काठापासून धावदोरा घालत आत यायचं, चौकोन लहान लहान होत जातो. त्यामुळे कुणी काय शिवलं ते अजून ओळखू येतं. एका बाजूचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे, ती आजी. समोरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे ढांगा टाकत गेलेले.

"ही कोण?"

"तुझी आत्या. लग्न ठरलं होतं तिचं, मन कुठं थाऱ्यावर होतं!"

मागं एका प्रदर्शनात गोधडी भिंतीवर टांगलेली पाहिली होती. किमतीची चिठ्ठी वाचून आई हळूच म्हणाली, "एवढ्यात अख्खी भावकी पांघरली असती." मला तसं वाटत नाही. शिवणाऱ्या बाईच्या हातात पैसे पडत असतील तर पडावेतच. पण कोरं कापड फाडून ठिगळं केलेली होती, ते मात्र खटकलं. त्या ठिगळांना आधी कुणी अंगावर घातलेलंच नव्हतं.

उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांचीही जुन्या कपड्यांचीच, काठाकडून आत शिवत नेलेली, आणि शेवटी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला 'फूल' म्हणतात. हे वाचलं तेव्हा नुसतंच छान वाटलं होतं. आज हातात आलेला कोपरा उलगडून पाहिला, तर तो चोळीच्या खणाचा त्रिकोण, घडी घालून बसवलेला. आजीनं त्याला काही नाव दिल्याचं आईला आठवत नाही. "कोपरा लवकर झिजतो म्हणून लावायची," म्हणाली. मग सुती सोडून जांभळा खणच का, यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

ठिगळाला माझा निळा कुर्ता घेतला, खिशाखाली शाईचा डाग पडल्यापासून कपाटात पडून होता. डाग मुद्दाम आत घेतला नाही. आठ थर आहेत, साधी सुई आरपार जात नाही. दुपारभर बसून वीतभर झालं, आणि अंगठ्याला दोनदा टोचलं.

आईनं चष्मा लावून माझे टाके पाहिले.

"तुझं कुणाशी ठरलंय गं?"