जुन्या गाडीचे स्टिअरिंग घरी बदलताना

झिजलेला स्टिअरिंग बॉक्स काढून त्या जागी रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि ती सरकवणारे छोटे दातेरी चाक) बसवायचे मी ठरवले, तेव्हा रॅक चेसिसवर घट्ट बसला म्हणजे काम झाले, असा माझा समज होता. खरी अडचण टाय रॉडची, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची असते: त्याचा आतला सांधा सस्पेन्शन आर्मच्या (चाकाला धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांशी जुळला नाही, तर खड्ड्यात चाक वरखाली होताच ते आपोआप वळते. म्हणून स्प्रिंग काढून, चाक जॅकने थोडे थोडे उचलत, प्रत्येक उंचीला टो (चाक पुढून किती आत किंवा बाहेर वळले आहे ते) मोजावा. काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही. अ‍ॅक्सलच्या मागचा रॅक तसाच पुढे बसवला, तर चाके उलट वळतात (सुदैवाने हे मला गाडी जॅकवर असतानाच कळले). स्टिअरिंगपासून रॅकपर्यंत जाणारा शाफ्ट मात्र मी स्वतः वेल्ड केला नाही. तिथे तयार युनिव्हर्सल जॉइंटच (कोनात असतानाही फिरणारे सांधे) वापरले.