ट्रायसेराटॉप्सची शिंगे कोणासाठी होती?

ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनोसॉरचे चित्र काढायचे तर त्याच्यासमोर जबडा वासलेला मांसभक्षी टायरॅनोसॉरस हवाच, असा जणू शिरस्ता पडून गेला आहे. मला मात्र असे ठामपणे वाटते की, या तृणभक्षी प्राण्याची शिंगे आणि मानेवरची हाडाची झालर प्रामुख्याने त्याच्या स्वजातीयांसाठी होती.

या शिंगांनी आरंभी जाणकारांनाही चकवले. १८८७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ सापडलेली शिंगांची जोडी जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल चार्ल्स मार्श यांनी एका नामशेष बायसनची, म्हणजे रानगव्यासारख्या प्राण्याची, ठरवली. पुढे जीवाश्म गोळा करणारे जॉन बेल हॅचर यांनी वायोमिंगमधून मिळवलेली कवटी पाहिल्यावर, १८८९ मध्ये मार्श यांनीच ट्रायसेराटॉप्स हे नाव दिले.

मोंटाना आणि आसपासच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून पुढे निरनिराळ्या वयांच्या कवट्या मिळाल्या, आणि खरे नवल त्यांतच आहे. लहानग्याच्या कपाळावर जेमतेम खुंट असतात, वाढत्या वयात ती शिंगे मागे वळतात आणि प्रौढपणी दिशा बदलून पुढे झुकतात. झालरीच्या कडेची त्रिकोणी हाडेही वयानुसार चपटी होत जातात. शिंगे केवळ बचावासाठी असती, तर ज्यांना बचावाची सर्वाधिक गरज होती त्या कोवळ्या जनावरांची शिंगे मागे का वळावीत? मला वाटते, चेहऱ्यावरूनच समोरच्याचे वय कळावे, हे या बदलामागचे एक कारण असावे.

संशोधक अँड्र्यू फार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ट्रायसेराटॉप्सच्या कवट्यांची तुलना सेंट्रोसॉरस या दुसऱ्या शिंगधारी डायनोसॉरच्या कवट्यांशी केली. सेंट्रोसॉरसच्या नाकावर मोठे शिंग असले तरी कपाळावरची शिंगे छोटी असतात. झालरीच्या बाजूच्या हाडावरील इजा ट्रायसेराटॉप्समध्ये पुष्कळच अधिक आढळल्या, आणि दोन प्राण्यांनी शिंगांत शिंगे अडकवून झुंज दिल्यास अशाच जागी घाव बसतील.

टायरॅनोसॉरसशी गाठ पडतच नसे, असे अर्थातच नाही. एका कवटीच्या शिंगावर आणि झालरीवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, व तेथील हाड पुन्हा भरून आलेले आहे, म्हणजे ते जनावर हल्ल्यातून वाचले होते.

वयाचा हाच धागा पकडून जॉन स्कॅनेला आणि जॅक हॉर्नर या संशोधकांनी २०१० मध्ये असा दावा केला की, झालरीत दोन मोठी छिद्रे असलेला आणि वेगळा डायनोसॉर मानला जाणारा टोरोसॉरस म्हणजे म्हातारा ट्रायसेराटॉप्सच होय. कल्पना देखणी आहे. परंतु टोरोसॉरसच्या काही कवट्या पूर्ण वाढ न झालेल्या वाटतात, हा त्यावरील आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो.